खाडीच्या वाऱ्यावर एक टक्का

“सायकलला पंखा? एवढं उकडतंय का तुला?”

डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या खाडीकाठी मी पाना घेऊन सायकलवर वाकले होते, तेव्हा मागून हा आवाज आला. वळून पाहिलं — उंच, घामाघूम, आणि हसताना एक गाल जरा आधी हसणारा. हातात बंद पडलेला फोन.

“पंखा नाही, पवनचक्की आहे. सायकल पळते, पाती फिरतात, फोन चार्ज होतो.”

“होतो?”

“होईल!”

हा शौनक. डोंबिवली पूर्वेचा, पश्चिमेला येणं म्हणजे परदेशवारी समजणाऱ्यांपैकी. पण त्या संध्याकाळपासून रोज यायला लागला. पाती मी पीव्हीसी पाइप कापून केलेली, मोटर जुन्या प्रिंटरची. शनिवारी कॉलेजात प्रदर्शन होतं आणि वर्गातली मुलं आधीच खिदळत होती, ‘जागृतीच्या पंख्यावर फोन चार्ज होतोय होय!’ त्यांची तोंडं मला बंद करायचीच होती.

शौनक सायकल चालवायचा, मी काठावर वाट बघायचे. सुरुवातीला फोन ढिम्म. मग एका संध्याकाळी तो लांबूनच ओरडत आला, “चार टक्के वाढला!” मी नाचलेच. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की... जाऊ दे. कान तापले, एवढंच सांगते.

शुक्रवारी पुन्हा तेच. “आज सहा!”

मी रुमालासाठी खिशात हात घातला, तर हातात केबल आली. मोटरपासून फोनला जाणारी. घाईत लावायचीच राहून गेलेली.

“शौनक... मग सहा टक्के आले कुठून?”

त्याने गुपचूप सॅकमधून पॉवर बँक काढली. “तुझा पडलेला चेहरा बघवत नाही गं.”

“माझा चेहरा मी बघून घेईन ना! उद्या सगळ्यांसमोर खोटं बोलले असते मी. तुझ्यामुळे!”

राग आला होता, खूप. आणि तरीही तो जाऊ नये असं वाटत होतं, त्याचा वेगळाच राग.

“जाऊ का मी?”

“गप. आधी ते खोटे टक्के संपव.”

बिचाऱ्याने टॉर्च लावला, व्हिडिओ लावले. फोन मान टाकेपर्यंत आम्ही एकमेकांकडे न बघता बसलो. तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला. सायकल तशीच स्टँडवर उभी, आणि पाती... पाती गरगरत होती! रस्त्यावर कधीच इतकी फिरली नव्हती. मी धावत जाऊन सायकलचं तोंड वाऱ्याकडे केलं, केबल लावली.

बऱ्याच वेळाने स्क्रीन उजळला. एक टक्का.

“धावताना नाही, थांबल्यावर चार्ज होतो,” मी म्हणाले. “उद्या हेच सांगणार.”

“हसतील ते.”

“हसू देत. खरा आहे हा.”

फोन सुरू होतोय तोच वाजला. त्याची आई.

“हो आई, खाडीवर आहे... पश्चिमेला... नाही, एकटा नाही.” त्याने फोनवर हात ठेवला. “कोणाबरोबर, विचारतेय. काय सांगू?”

“आता तरी खरं सांग.”

त्याने श्वास घेतला. “आई, माझं एका मुलीवर प्रेम आहे. तिला अजून सांगितलं नाहीये... म्हणजे, आत्ता ऐकतेय ती.”

मी त्याच्या हातातून फोन सरळ काढून घेतला. “नमस्कार काकू, मी जागृती. माझंही आहे. त्याच्यावर.”

आणि स्क्रीन काळा.

“अगं, आईने ऐकलं की नाही?”

“तू ऐकलंस ना?”

आधी एक गाल हसला, मग दुसरा. “पण ती काय म्हणाली ते कळायला... पॉवर बँक काढू?”

“हात तर लावून बघ! वारा आहे. बस इथे.”

तो बसला. माझ्या अगदी शेजारी.