उमाय-एनेचा हात

“वहिनी, समोवारात पाणी आहे ना? पाहुणे यायला लागलेत!” अंगणातून एवढं ओरडून बेकतुर पाठमोरा झाला, आणि सोनुनबूच्या काळजात नेहमीची ती बारीक कळ उठली... अठ्ठावीस वर्षं! नऊ महिने पोटात वाढवलेला तिचा मुलगा अठ्ठावीस वर्षं तिला वहिनी म्हणत होता, आणि ती दर वेळी ‘आले हं’ म्हणत होती.

यात कुणी तिच्याशी कपट केलं नव्हतं. आमच्या डोंगरात तेव्हा घरोघरी हेच होतं. पहिलं मूल आजी-आजोबांचं. सुनेनं जन्म द्यायचा, सासूनं आपल्या कुशीत घ्यायचं. मग ते मूल सासूला एने म्हणायचं, म्हणजे आई, बापाला दादा म्हणायचं आणि जन्मदातीला वहिनी. यात लपवाछपवी काही नसे. बेकतुरला शाळेत जायच्या आधीपासून सगळं ठाऊक होतं. फक्त त्याबद्दल बोलायचं नसे. आणि वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं स्वतःचं मूल उचलणं, त्याचा मुका घेणं, म्हणजे तर निलाजरेपणाचा कळस! ‘उयात’ म्हणायचे आमच्याकडे. लाज! तो एक शब्द कानावर पडला की चांगल्या धिप्पाड बायकासुद्धा जागच्या जागी गोठून जायच्या.

आज बेकतुरच्या लेकीचा पाळण्याचा सोहळा होता. पोरीला चाळीस दिवस पुरे झाले होते. उद्या बेकतुर आणि त्याची बायको कुन्दुझ शहरात परत जाणार होते, आणि पोर मात्र इथेच राहणार होती. पहिलं मूल! रीतीनं बेकतुरची आई म्हणजे उरकुया एने, तेव्हा पोर तिची. पण सोनुनबूची ही सासू आता चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. महिन्यापूर्वीच तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “माझ्या हातात आता ताकद नाही. ही पोर सोनुनबू वाढवेल.”

त्या दिवशी सोनुनबू गोठ्यात जाऊन एकटीच रडली होती. आनंदानं! नवरा जुमाश तीन वर्षांपूर्वी गेला, दोन्ही मुली सासरी गेल्या, आणि आता या वयात एक लेकरू तिला मिळणार होतं... सगळ्या गावासमोर उचलायला, छातीशी धरायला, मुके घ्यायला! तिनं पाळण्यासाठी लाल मखमलीचं पांघरूण शिवलं, एक दुभती शेळी वेगळी बांधली, आपली गादी चुलीपासून हलवून खिडकीशी नेली. टाके घालताना कधी कधी तिच्या डोळ्यांसमोर कुन्दुझचा उतरलेला चेहरा यायचा. मग ती सुई जास्तच भरभर चालवायची.

“काय गं सोनुनबू,” उकळत्या तेलात कणकेचे तुकडे सोडता सोडता शेजारची बुबूश खिदळली, “सासू असून जाऊ झालीस, आता आजी असून आई होणार! तुझ्या घरातली नाती सोडवायला शहरातून वकील आणावा लागेल बाई!”

“तू तळणाकडे बघ. करपतंय.”

“करपू दे. तुझं तोंड बघ आधी. लग्नात नव्हतीस इतकी लाजतेयस.”

सोनुनबू लाजत होती खरी. पण ती लाज कसली, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

समोवारात कोळसे घालायला ती मागच्या अंगणात गेली, तर बेकतुर तिथे लाकडं फोडत होता. टोपी काढून ठेवलेली. त्याच्या कपाळावरचा जुना व्रण घामानं चमकत होता. तो व्रण दिसला की सोनुनबू नजर वळवायची. आजही तिनं वळवली.

“वहिनी,” कुऱ्हाड खाली ठेवून तो म्हणाला, “एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“विचार.”

“मी शिंगरावरून पडलो होतो, तेव्हा तू तिथेच होतीस. दहा पावलांवर. हातात किटली होती तुझ्या. तू आली का नाहीस?”

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. म्हणजे याला आठवतंय! पाच वर्षांचा होता तेव्हा तो. उन्हाळी कुरणावर एनेच्या माहेरची माणसं आली होती, तंबूबाहेर बैठक बसली होती, सोनुनबू चहा ओतत होती. आणि शिंगरू उधळलं, पोर ओढ्याकाठच्या दगडांवर आपटलं. रक्तानं तोंड माखलेलं... त्यानं तिच्याकडेच हात पसरले होते. तिच्याकडेच! आणि ती उभी राहिली. पाहुण्यांच्या नजरा पाठीला टोचत होत्या. दुखऱ्या गुडघ्याची सासू पार पलीकडच्या टोकावरून लंगडत, धापा टाकत येईपर्यंत ती किटली धरून तशीच उभी राहिली. हळूहळू पोरानं हात खाली घेतले. त्यानंतर ते हात कधीच तिच्याकडे पसरले नाहीत.

“लाज वाटली,” ती पुटपुटली.

“कोणाची?”

तिनं वाकून चिमटा उचलला. तो फोडलेली लाकडं उचलून निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, “कुन्दुझ चार रात्री झोपली नाही, वहिनी. काही बोलत नाही. सुनेनं बोलायचं नसतं ना.”

खोली बायकांनी गच्च भरली होती. मानाच्या जागी उरकुया एने, तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या म्हाताऱ्या, दाराशी तरुण सुना, आणि दारात उभे पुरुष. रानातल्या सुगंधी झुडपाची फांदी पेटवून पाळण्याभोवती धूर फिरवला गेला. मग एने म्हणाली, “घे सोनुनबू. आता तूच घाल तिला पाळण्यात. तुझीच आहे ती.”

सोनुनबूनं पोरीला उचललं. केवढीशी ती! दुधाचा, उबेचा तो वास... अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तोच वास! पडद्याआड दूध पाजून झालं की बेकतुरला सासूच्या हातात द्यायचं, आणि मग छातीला घट्ट फडकं बांधून शेणी थापायला बसायचं. तिचे डोळे भरून आले. इतक्यात पोर रडायला लागली. आधी कुरकुर, मग लालबुंद होऊन टाहो.

“भूक लागलीय,” कुणी तरी म्हणालं.

“शेळीचं दूध आणा की!”

“आतापासून सवय हवीच. उद्या आई कुठे असणार?”

आणि सोनुनबूची नजर दाराकडे गेली.

कुन्दुझ तिथे उभी होती. दहा पावलांवर. हातात चहाची किटली. तिचा निळा झगा छातीवर दोन्हीकडे भिजला होता. रुमालाचं टोक पुढे ओढून ती ते ओले डाग झाकू पाहत होती आणि ते पसरतच चालले होते. पाऊल मात्र पुढे पडत नव्हतं. ओठ दातांखाली दाबलेले, मान खाली... लाज! 

सोनुनबूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. कुन्दुझचे डोळे महिनाभर तिला दिसत होते. दिसत होते आणि तरी ती मखमलीला टाके घालत बसली होती! आपलं जे गेलं, ते या मुलीच्या अंगावरून ओरबाडून घ्यायला ती निघाली होती, आणि वर त्याला रीत म्हणत होती.

मूल हाती देताना आमच्याकडे जे म्हणतात, ते तिच्या तोंडी आलं, “माझा हात नाही, हा उमाय-एनेचा हात...” लेकरांची राखण करणाऱ्या त्या देवीचं नाव घेऊन ती पाळण्याकडे वाकली, आणि मध्येच थांबली. सरळ झाली. मांडी घालून बसलेल्या बायकांमधून वाट काढत दारापाशी आली.

“किटली खाली ठेव, कुन्दुझ.”

“जाऊबाई...”

“ठेव म्हणते ना. घे हिला. हा उमाय-एनेचा हात नाही, पोरी. माझाच आहे. मी देतेय. उद्या हिला शहरात घेऊन जा.”

कुन्दुझनं किटली ठेवली आणि पोरीला रुमालाखाली छातीशी धरलं. मग एका म्हातारीनं गालावर बोट ठेवलं, “उयात! रीत मोडतेस? एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर?”

“बस तू, आजी,” बुबूश मागून म्हणाली, पण तिच्या आवाजात आता हसू नव्हतं. “पोरीला आधी पिऊ दे.”

सगळ्यांनी उरकुया एनेकडे पाहिलं. म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला होता. “मी दिलेलं तू परत केलंस, सोनुनबू,” ती खोल आवाजात म्हणाली.

“माफ करा, एने.” सोनुनबू गुडघ्यांवर बसली. “मला हवी होती ही. फार हवी होती! म्हणूनच लाज वाटतेय.”

रुमालाखालून पोरीच्या चोखण्याचा आवाज येत होता. एनेनं न दिसणारे डोळे त्या आवाजाकडे वळवले.

“माझा थोरला सासूकडेच वाढला,” ती अचानक बोलू लागली. “लढाईवर निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सासूला मिठी मारून रडला. मला म्हणाला, वहिनी, येतो. मी म्हटलं, ये. एवढंच... परत आला नाही.” ती सोनुनबूकडे वळली. “मग बेकतुर झाला, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही गं. माझी रिकामी कूस भरून घेतली. तू ओढ्यापाशी उभी राहिलीस ना, ते मला दिसलं होतं. मला बरं वाटलं होतं! मी येईपर्यंत सून थांबली, चांगल्या वळणाची आहे, असं वाटलं. पोराचं रक्त वाहत होतं, आणि मला... थू माझ्या जिंदगीवर!”

सोनुनबू उठली आणि तडक मागच्या अंगणात गेली. समोवारातले कोळसे विझत आले होते. ते उगाच ढवळत ती उभी राहिली. मागे पावलं वाजली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

“तू विचारलंस ना, कोणाची लाज वाटली?” ती म्हणाली. “सगळ्यांची वाटली बाळा. पाहुण्यांची, एनेची, अख्ख्या गावाची... एक तुझी तेवढी वाटली नाही. तीच वाटायला हवी होती.”

 समोर येऊन धिप्पाड बेकतुर लहान पोरासारखा वाकला आणि त्यानं आपलं कपाळ तिच्यापुढे धरलं. तिचा काजळी लागलेला हात वर गेला, जरा अडखळला, मग तिनं तो व्रण बोटांनी चाचपला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत... तिला वाटायचं त्याहून तो लांब होता.

“टाके पाच पडले होते,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“मला ठाऊक आहे. रात्री तू झोपलास की यायची मी बघायला.”

आतून उरकुया एनेची हाक आली, “बेकतुर! कुठे आहेस रे?”

“इथेच आहे, एने!”

“तुझ्या आईला आत पाठव.”

 सोनुनबूनं गडबडीनं डोळे पुसले, सवयीनं किटली उचलली आणि धावतच दारापर्यंत आली.

“किती चहा लागेल, एने?”

“चहा बुबूश ओतेल,” म्हातारी म्हणाली, आणि शेजारची जागा तिनं हातानं चाचपून मोकळी केली. “तू बस.”

तीस वर्षं दारापाशी बसलेली सोनुनबू किटली हातात धरून उभी राहिली. समोर, मानाच्या जागी, सासूचा हात गालिच्यावर उघडा पडून होता. तिनं किटली खाली ठेवली, आणि सगळ्यांच्या देखत, लाजेनं कानापर्यंत लाल होत, ती एक एक पाऊल टाकत खोली ओलांडू लागली.