हात वर करणारं लोरिस

"कर गं, गुदगुल्या कर! बघ कशी मजा येतेय त्याला!" स्टुडिओतले फोटोवाले काका म्हणाले.

चष्मीनं टेबलावरच्या त्या गुबगुबीत प्राण्याच्या पोटावर बोट फिरवलं. त्यानं हळूहळू दोन्ही हात डोक्यावर नेले. लखकन फ्लॅश! चष्मी, तिचा चुलतभाऊ लंब्या आणि धाकटी बहीण चिंगी हसून हसून बेजार! सुट्टीचा पहिलाच दिवस आणि असला झकास फोटो! लंब्याच्या मोबाइलवरून चष्मीनं तो लगेच मावशीला पाठवला. मावशी प्राण्यांची डॉक्टर ना!

पाठोपाठ मावशीचा फोन. आवाज चांगलाच चढलेला.

"आधी हात मागे घे! ते स्लो लोरिस आहे, रात्री हिंडणारं जंगली जनावर. ते खेळत नाहीये, जिवाच्या भीतीनं हात वर करतंय!"

"काय? भीतीनं?"

"त्याच्या कोपराच्या आत एक ग्रंथी असते. हात वर केले की ती तोंडाशी येते. तिथला रस चाटला आणि लाळेत मिसळला की झालं विष! त्याला पळता येत नाही, मग बिचारं दुसरं करणार काय? आणि ते डोळे अंधारात बघायचे गं, त्यांच्यावर फ्लॅश मारतात! फोटोत स्टुडिओची पाटी दिसतेय, मी वनखात्याच्या लोकांना घेऊन निघालेय. त्याला तिथून हलवू देऊ नका."

चष्मीनं झटकन हात मागे घेतला. ते भीतीनं अर्धमेलं झालं होतं आणि आपण खिदळत होतो! शी!

काकांना गुंतवून ठेवायला तिनं चिंगीला डोळ्यानं खुणावलं. चिंगीनं भोकाड पसरलं. खोटं रडण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

"मी नाही जवळ जाणार! चावेल ते!"

"चावेल कशानं?" काकांनी हसत लोरिसचा जबडा दाबून उघडला. "नेलकटरनं दात कापलेत मी!"

पुढच्या दातांच्या जागी नुसती सुजलेली हिरडी होती. चिंगीचं रडणं आता खरं झालं. लंब्या हे सगळं मोबाइलवर टिपत होता, तो एक पाऊल पुढे सरकला.

"ए लंबू! शूटिंग करतोस काय रे?"

काकांनी लोरिसला उचललं आणि मागच्या दाराकडे धाव घेतली. पण लोरिसनं मागच्या पायांनी टेबलाशेजारचा लाइटचा स्टँड गच्च धरलेला! काका दाराबाहेर, स्टँड दारात आडवा!

"सोड की मेल्या!"

"ओढू नका! पाय मोडेल त्याचा!" चष्मी किंचाळली आणि तिनं काकांचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. वनअधिकारी बाईंनी काकांना बाजूला घेतलं. मावशीनं लोरिसचं एकेक बोट हलकेच सोडवलं.

"शाब्बास, पोरांनो!" अधिकारी बाई मोबाइलमधलं चित्रण पाहून म्हणाल्या. "कितीतरी मोठी माणसं इथे हसत फोटो काढून गेली असतील. एकानंही विचारलं नाही."

"मावशी, आता याला जंगलात सोडणार ना?" चष्मीनं विचारलं.

मावशीनं लोरिसच्या हिरडीकडे बोट दाखवलं. "पुढच्या दातांनी झाडाची साल खरवडून ते डिंक खातं गं. आता कशानं खरवडेल? जन्मभर आम्हीच भरवायचं त्याला."

चष्मी लंब्याकडे वळली. ती म्हणाली, "लंब्या, तो फोटो पुसू नकोस. शाळेत सगळ्यांना दाखवायचाय. हे हात वर करणं म्हणजे मजा नाही, हे सांगायचंय."

मावशीनं तिला जवळ घेतलं. "गुणाची गं माझी पोर!"

मग तिनं लोरिसला सोबत आणलेल्या टोपलीत ठेवलं आणि वर जाड कापड टाकलं. आत अंधार झाला. चष्मीनं फटीतून हळूच डोकावून पाहिलं. लोरिसनं हात खाली घेतले होते.