गज पडला, शब्द आला नाही

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर वाचून सोडून द्या. माझ्यासमोर घडली, माझ्याच दुकानात घडली, आणि मी दारू पीत नाही.

लोकांची भुतं रात्री येतात. आमच्याकडे रात्र नव्हती. भर दुपार होती, दुकानाचं शटर उघडं होतं आणि समोरच्या रस्त्यावर कुणीतरी ट्रकचा टायर बदलत होतं.

आमचं दुकान जुन्या बंदुका दुरुस्त करायचं. हा धंदा बाबांचा. आता तो मी आणि माझा मोठा भाऊ बघतो. खाली काम करायची खोली, वर पोटमाळा. पोटमाळ्याला कुलूप, आणि किल्ली फक्त दादाकडे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ठासणीची बंदूक पुढून भरतात. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू, मग चिंधी, मग गोळी, आणि गजाने सगळं आत ठासायचं. त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. कुणीतरी शिकारीला जाताना भरतो, शिकार मिळत नाही, घरी येऊन तशीच कोपऱ्यात उभी करतो आणि मरून जातो. बंदूक मात्र वाट बघत राहते. पुढच्या पिढीला वाटतं, शोभेची वस्तू आहे.

म्हणून दुकानात बंदूक आली की पहिलं काम एकच. नळीत गज सोडायचा.

रिकामी असेल तर गज तळाशी लोखंडावर आपटतो. खण्ण!

भरलेली असेल तर चिंधीवर पडतो. थप्प…

आणि गज टाकणाऱ्याने मोठ्याने ओरडून सांगायचं, "रिकामी!" त्याने एकदा सांगितलं की दुसऱ्याने पुन्हा तपासायचं नाही. बाबांचा नियमच होता तो. ते म्हणायचे, घरच्या माणसाच्या शब्दावर पुन्हा गज टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं.

त्याच नियमाच्या घरात बाबा गेले.

मी शाळेत होतो तेव्हा. एक बंदूक दुरुस्तीला आली होती. कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं पडून होती. टोपी म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी वाटी. ती बसवायचा, आत दारूपर्यंत जाणारा स्क्रू गंजून घट्ट बसला होता, म्हणून बाबांनी ती शिकंज्यात धरली आणि गॅसच्या ज्योतीने स्क्रू तापवायला घेतला. नळीचं तोंड त्यांच्याच छातीकडे होतं.

आत बार होता.

गावभर एकच बोलणं झालं. एवढा मोठा कारागीर, आणि साधा गज टाकायला विसरला! आईने ते ऐकलं आणि त्यानंतर ती कुणाच्या घरी गेली नाही. मरेपर्यंत तिला एकच प्रश्न होता. "असे कसे विसरले हो ते?"

दादा तेव्हा नुकताच बाबांच्या हाताखाली काम शिकला होता. त्याने दुकान सांभाळलं, आईला सांभाळलं, मला वाढवलं. स्वतःचं लग्न केलं नाही. माझी फी, माझे बूट, माझं लग्न, सगळं त्यानेच केलं. दादा म्हणजे माझं दैवत होतं. अजूनही तो मला छोटू म्हणतो, आणि माझ्या डोक्यावर आता केस कमी आणि टक्कल जास्त आहे.

ती बंदूक न्यायला मालक परत आलाच नाही. दादाने ती मेणकापडात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवली. आम्ही तिचं नावही काढत नसू.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची अगदी तशीच बंदूक आली. तिचा टोपीचा स्क्रू तुटलेला होता. तसा स्क्रू बाजारात मिळत नाही. मला वरची बंदूक आठवली.

दादाला विचारलं.

"राहू दे ना छोटू. दुसरा घडवू."

"घडवायला महिना जाईल. किल्ली दे."

त्याने किल्ली दिली. मी जिना चढत होतो तेव्हा तो खालून म्हणाला, "रिकामी आहे बरं का. मीच ठेवलीय."

दादाचा शब्द. मी गज टाकला नाही.

बंदूक खाली आणली. मेणकापड सोडलं. शिकंज्यात तिरकी धरली, नळीचं तोंड वर माझ्याकडे. स्क्रू गंजलेला, हलेना. तापवायला लागणार होता. दादा तेवढ्यात बँकेत जाऊन येतो म्हणून निघून गेला.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अहो, जेवून घ्या आधी. लोखंड काही पळून जात नाही."

मी ज्योत पेटवली. आणि तेवढ्यात…

थप्प.

वरून आला आवाज. पोटमाळ्यावरून.

"वर कोण आहे?" बायकोने विचारलं.

"उंदीर असेल."

"उंदीर एवढा जड? तुमच्यावर गेला असेल मग," ती हसली.

मीही हसलो. ज्योत स्क्रूकडे नेली.

थप्प…

या वेळी जिन्यावर.

बायकोचं हसू थांबलं. मी मान वर करून जिन्याकडे बघितलं. जिना रिकामा होता. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाहेरचा टायरवाला ठोकत होता… त्याचा हातोडा वर-खाली होताना मला दिसत होता… पण आवाज येत नव्हता. पंखा फिरत होता, त्याची नेहमीची घरघर नव्हती. ज्योतीची फुसफुससुद्धा नव्हती.

त्या शांततेत तिसऱ्यांदा आला.

थप्प……

माझ्या हाताखाली. शिकंज्यातल्या नळीतून.

हाताला धक्का जाणवला. गज तर मी बाजूला, टेबलावर ठेवला होता. तो तिथेच होता.

मी वाट बघत राहिलो. लहानपणापासूनची सवय. गज पडला की मागोमाग शब्द येतो. कुणीतरी ओरडतं, "रिकामी!"

शब्द आला नाही.

ज्योत विझवली. टेबलावरचा गज उचलला आणि नळीत सोडला.

थप्प.

गज तळाशी न जाता वीतभर बाहेर राहिला. बंदूक भरलेली होती.

त्याच क्षणी सगळे आवाज परत आले. पंखा, हातोडा, आणि बायको. ती रडत होती.

मी नळीत पाणी ओतलं आणि बार काढला. गोळी निघाली. मग चिंधी निघाली. ती हातात घेऊन मी उजेडात धरली.

चिंधी निळ्या चौकडीची होती. पुसायला म्हणून त्याच वर्षी आम्ही तसल्या चिंध्यांचं गाठोडं आणलं होतं. म्हणजे बार जुना नव्हता. बंदूक नुकतीच कुणीतरी भरली होती. कुलुपाच्या आत.

दादा परत आला. मी चिंधी त्याच्यासमोर धरली.

"दादा, तू गज टाकून बघितला होतास?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाबांनी नाही विचारलं असं. विचारलं असतं तर वाचले असते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून बंदूक मी घेतली होती," तो म्हणाला. "गज टाकायचा कंटाळा केला. बाबांनी विचारायच्या आत ओरडलो, रिकामी. ते विसरले नव्हते रे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"आणि आई? ती मरेपर्यंत विचारत होती! तू शेजारी बसून ऐकत होतास!"

"धीर नाही झाला."

दुसऱ्याने केसाने गळा कापला तर माणूस त्याला शिव्या तरी देतो. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या हाताने मला घास भरवले, त्याच हाताने माझ्या बापाला मूर्ख ठरवून ठेवलं, आणि आईला ते ओझं घेऊन जाऊ दिलं. मी त्या दिवशी दुकानात ओक्साबोक्शी रडलो.

मग डोळे पुसून विचारलं, "आणि ही आता कुणी भरली?"

"मी नाही छोटू. आईशप्पथ. मी तर वर पाऊलसुद्धा ठेवत नाही."

आईची शप्पथ. त्याने घेतलेली.

ती बंदूक आम्ही सरकारजमा केली. पोटमाळा रिकामा केला. तरी दुपारी, रस्ता शांत असला की, वरून कधीतरी आवाज येतो. बायको आता दुकानात पाय ठेवत नाही.

बाबांनी आवाज करून मला वाचवलं, यात मला शंका नाही. पण भरली कुणी? कधी वाटतं, बाबांनीच. दादाचं खोटं उघडं पाडायला. कधी वाटतं, मेलेला माणूस चिंधी कशी कापेल? दुकानात हात फक्त दोघांचे, आणि मी भरली नाही. दादा असं करेल, हे मला पटत नाही. पण तो बाबांबद्दल खोटं बोलला, असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्यालाही मी हसलोच असतो.

लोक विचारतात, भुताच्या दुकानात बसायची भीती नाही वाटत?

मी रोज देवाला हात जोडतो, की ती बंदूक भुतानेच भरलेली असू दे. आत्ता हे लिहितोय, तेव्हा दादा माझ्या पाठीमागे बसून काम करतोय, आणि मी दर दोन ओळींनी वळून बघतोय.