चिमणीनं मौन का धरलं?

"आणखी एक आली हो, आणखी एक!" तक्रारराव एवढ्यांदा ओरडला, की सोनटक्के आजोबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

तक्रारराव हा यंत्रमानव. सांगलीतल्या आजोबांच्या छोट्याशा कारखान्यात त्याला एकच काम होतं. गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचून दाखवायचे. पण हा पठ्ठ्या नुसतं वाचतोय कसला! ज्याच्या त्याच्या आवाजात तो ते वठवून दाखवायचा. गिऱ्हाईक रडवेलं असलं की हाही हुंदके द्यायचा. त्यात दसऱ्यापासून त्याचा उजवा डोळा बिघडला होता. त्या डोळ्यानं त्याला सगळं लालभडक दिसायचं, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक रागानं लाल झालंय असंच त्याला वाटायचं.

"वाच," आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले.

तक्राररावानं घसा खाकरला. घसा नव्हता, तरी खाकरला. "अहो, तुमची चिमणी मुकी झाली! कडेची बटणं चालतात, मधली दाबली तर ढिम्म! सहा महिने गुणाची होती हो माझी बाय!" आणि तो ढसाढसा रडू लागला.

"पुरे रे," सहावीतली मुक्ता म्हणाली. ती आजोबांची नात, आणि शाळा सुटल्यावरची कारखान्याची अर्धी मालकीण.

चिमणी म्हणजे आजोबांनी बनवलेला कीबोर्ड. आता तुम्ही म्हणाल, त्या काळी कीबोर्ड कोण वापरत होतं? सगळे तर यंत्रांशी तोंडानं बोलायचे! खरंय. पण तोंडानं बोलण्यात एक मोठी गोची होती. माणूस दिवाणखान्यात बसून "डॉक्टर, मला मूळव्याधीचा त्रास आहे" असं बोलला की स्वयंपाकघरापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. गुपित म्हणून काही उरलंच नव्हतं. मग लोकांना बटणं आठवली.

आजोबा पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी बनवलेली चिमणी होती तळहाताएवढी, बिनतारी (वायरीशिवाय, रेडिओलहरींनी संदेश पाठवणारी) आणि यांत्रिक (प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा खटका असलेली). लोक तिच्यावर जाम खूश होते. कुणी लिहायचं, "पिशवीत भाजीखाली गेली तरी शाबूत!" कुणी लिहायचं, "टकटक ऐकूनच काम केल्यासारखं वाटतं." एकानं तर कौतुकानं कळवलं होतं, "शेजारी विचारतात, घरात सुतार लावलाय का?"

आणि आता अचानक तक्रारींचा नुसता पाऊस. ज्या दुकानसाखळीतून चिमणी विकली जायची त्यांनी बजावलं होतं, की दिवाळीनंतर अशाच तक्रारी येत राहिल्या तर विक्री बंद. विक्री बंद म्हणजे कारखाना बंद. आणि कारखाना बंद झाला तर आजोबांनी पुण्याला काकांकडे जाऊन राहायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं. तिथे अकराव्या मजल्यावर आजोबा काय करणार? खिडकीतून समोरची इमारत बघणार. मुक्ताला त्या विचारानंच रडू यायचं. आजोबांशिवाय सांगली म्हणजे तिला सांगली वाटायचीच नाही.

"माझा संशय लहरींवर आहे," आजोबा म्हणाले. "हवेत आता इतकी यंत्रं बोलतायत की एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळतं. याला म्हणतात लहरींची सरमिसळ. भर बाजारात हाक मारली तर ती पोचते का? तसंच हे."

"मग बाजार सोडून दुसरीकडे जाऊन बघू की," मुक्ता म्हणाली.

"शाबास! एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फरक पडला तर चोर तीच."

परत आलेली एक मुकी चिमणी घेऊन तिघं कृष्णेकाठी लांब मळ्यात गेली. तिथे ना यंत्रं, ना माणसं. एक म्हैस होती, ती निवांत रवंथ करत होती. तक्राररावानं बटणं दाबली. कडेची बोलली. मधली गप्प. आजोबांनी ताजी बॅटरी घातली. तरी गप्प. म्हशीनं शेपटी हलवली आणि तोंड फिरवलं.

"म्हणजे लहरी निर्दोष, बॅटरीही निर्दोष," आजोबा म्हणाले, आणि मग एकदम खाली बांधावरच बसले. "मुक्ते, वय झालं गं माझं. डोकं चालत नाही. जातो आपला पुण्याला."

"काही जायचं नाही!" मुक्ता इतक्या जोरात ओरडली की म्हैसही दचकली. "तक्राररावा, तक्रारी कुठून कुठून आल्यात ते सांग बघू."

"सांगली, सातारा, नाशिक, नागपूर, लातूर..." तक्राररावानं गावं म्हणायला सुरुवात केली. "परदेशातली गिऱ्हाइकं मात्र सगळी खूश. जपान खूश, ब्राझील खूश. फक्त नॉर्वेतून एक तक्रार आहे."

"कुणाची?"

"कुलकर्णी."

मुक्ता आणि आजोबा एकमेकांकडे बघतच राहिले.

"आणि पहिली तक्रार कधी आली?" मुक्तानं हळूच विचारलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी सकाळी. आदल्या दिवसापासून माझाही डोळा..."

मुक्तानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. त्याची मान खाली वाकवून तिनं फ्रॉकच्या टोकानं त्याच्या डोळ्याची काच पुसली. कापड लाल झालं. दसऱ्याला आजोबांनी पाना, पक्कड, मापपट्टी अशी सगळी हत्यारं मांडून पूजा केली होती, तेव्हा तक्राररावालाही टिळा लावला होता. तो ओघळून थेट डोळ्यात गेला होता.

"अरे वा! आभाळ निळं असतं होय!" तक्रारराव आनंदानं म्हणाला. "आणि ही म्हैस रागावलेली नाहीये!"

पण मुक्ताचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं चिमणीचं मधलं बटण नखानं उचकटलं. खाली पिवळीधमक हळद, लालेलाल कुंकू, आणि बरोबर मधोमध तांदळाचा एक दाणा. अक्षता!

"आता मला सगळं समजलं!" आजोबा ताडकन उठले. "हे बघ, खटक्यात धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात. बटण दाबलं की त्या एकमेकींना टेकतात. टेकल्या की विजेचं मंडल पूर्ण होतं (म्हणजे वीज निघाली तिथे परत यायला सलग रस्ता मिळतो), आणि अक्षर उमटतं. पण हळद, कुंकू, तांदूळ हे सगळे विसंवाहक (विजेला वाट न देणारे पदार्थ). दोन पट्ट्यांमध्ये ते जाऊन बसले की पट्ट्या टेकणार कशा? लोक हळदकुंकू वाहतात ते मधोमध, म्हणून मधलीच बटणं मुकी!"

मग आजोबांचा पारा चढला. "काय म्हणावं या लोकांना! नाजूक यंत्रावर कुंकू? अडाणीपणाचा कळस आहे! आत्ता कारखान्यात जाऊन मोठ्या अक्षरात सूचना छापतो, चिमणीची पूजा करू नये!"

"आजोबा," मुक्ता म्हणाली, "तुमच्या टेबलावरच्या चिमणीचं काय?"

"तिचं काय? ती उत्तम आहे. माझंच बोट हल्ली नीट लागत नाही मधल्या..." आजोबा बोलता बोलता थांबले. त्यांचे कान लाल झाले, आणि तक्राररावाचा डोळा आता चांगला असल्यामुळे त्याला ते नीट दिसलं.

कारखान्यात येऊन आजोबांची चिमणी उघडली, तर काय! हळदकुंकू होतंच, वर झेंडूच्या पाकळ्या आणि आपट्याच्या पानाचा तुकडा. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मुक्ता पोट धरधरून हसली. आजोबाही शेवटी हसले.

"सूचना नको छापायला," ते हळूच म्हणाले. "मीच ऐकली नसती. अगं, जिच्यावर आपलं पोट चालतं तिला हात जोडल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आता लक्ष्मीपूजनाला सगळे पुन्हा कुंकू वाहणार, आणि मग आपला कारभार आटोपला."

मुक्ता विचार करत बसली. समोर पूजेचं तबक होतं. शाळेतलं होकायंत्र तिनं तबकाखाली सरकवलं, तबकात कुंकवाचा ढीग केला आणि ढिगावर चुंबक धरला. मग वाकून बघितलं. होकायंत्राची सुई गर्रकन फिरली होती!

"आजोबा, चुंबकाला कुंकू आड येत नाही! तबकही येत नाही!"

"तबक पितळेचं आहे ना, लोखंडी असतं तर आलं असतं," आजोबा सवयीनं म्हणाले, आणि मग त्यांचे डोळे चमकले. "मुक्ते! पट्ट्या टेकवायच्याच कशाला? बटणाच्या पोटात इवलासा चुंबक बसवू. खाली चुंबकसंवेदक (चुंबक किती जवळ आला ते ओळखणारा भाग). बटण दाबलं की चुंबक जवळ येतो, संवेदकाला ते कळतं, अक्षर उमटतं. स्पर्शच नाही, तर मध्ये धूळ येऊन करणार काय? आणि बटण अडकू नये म्हणून भोवती रबराचं झाकण घालू!"

मग कारखान्यात एकच धांदल उडाली. मुक्या चिमण्या येत होत्या, चुंबकाच्या होऊन परत जात होत्या. आजोबांना जेवायची शुद्ध नव्हती. पाठवण्यापूर्वी मुक्ता प्रत्येक चिमणीवर चिमूटभर हळदकुंकू टाकायची आणि सगळी बटणं दाबून बघायची. अशी कसोटी जगातल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात होत नसेल!

लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तक्रारींची वाट बघत बसली. आजोबांनी चहाला हातही लावला नव्हता. पुण्याला न्यायची बॅग दाराशीच होती. दुपार झाली. तक्रारराव गप्प. संध्याकाळ झाली, तरी गप्प.

"आली!" तो अचानक ओरडला. "नॉर्वेचे कुलकर्णी!"

मुक्तानं आजोबांचा हात घट्ट धरला.

"चिमणीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. तरी टकटक झकास चालू आहे," तक्राररावानं वाचलं. "फक्त एक तक्रार. चिमणीला पेढ्याचा नैवेद्य दाखवला, तिथेच ठेवला. आता बटणाखाली मुंग्या राहायला आल्यात. काही उपाय आहे का?"

आजोबा हसत सुटले, ते इतके की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उठून त्यांनी दाराशी ठेवलेली बॅग माळ्यावर टाकली.

"चला, कामाला लागू," ते म्हणाले. "मुक्ते, स्क्रू-ड्रायव्हर आता तुझ्या हातात. आणि तक्राररावा, जरा बघ रे, मुंगीला कशाकशाचा वास आवडत नाही?"