वाकलेले खिळे

भुताखेतांच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. माझ्या लेखी भूत म्हणजे कुणीतरी धड न घेतलेलं माप. तीस वर्षं मी लाकडी इमारतींचे सांधे आखतो आहे. फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या जाड भिंती, त्यांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या, पट्ट्यांत खिळे. भूकंपात खिळ्यांनी वाकायचं, धक्का गिळायचा, म्हणजे माणसं वाचतात. एवढंच माझं शास्त्र. त्याच भरवशावर मी लेकीला माझ्याच सहा मजली इमारतीत घर घ्यायला लावलं.

दाराशेजारची भिंत कुरकुरते, असं ती म्हणाली. लाकूड आहे, कुरकुरणारच, असं बडबडत मी सुताराला घेऊन गेलो. सांध्यावरची फळी काढली. सगळे खिळे डावीकडे वाकलेले, अर्धं बोट. इमारत उभी राहिल्यापासून जमीन एकदाही हलली नव्हती. वरच्या-खालच्या मजल्यांवर उघडून पाहिलं, तिथले खिळे सरळ.

माल हलका असेल, सुतार म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. माझ्या डब्यातले नवे खिळे स्वतः ठोकले. आठवड्याने पाहिलं तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठोकताना मी प्रत्येक खिळा उजेडात धरून पाहिला. एकदा वाकलेल्या खिळ्यात राम उरत नाही. इथे तर न आलेले धक्केही गिळून झाले होते.

सुताराने हत्यारं पिशवीत भरली.

"साहेब, ताईंना इथून न्या."

तुमचाच सांधा ना बाबा, म्हणून लेक हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारीच तिला माझ्या घरी आणलं. जुनं, विटांचं, बसकं घर. येताना तिने एक बॅग आणली आणि तिच्या आईचा फोटो. फोटोसाठी त्याच डब्यातला एक खिळा मी भिंतीत ठोकला. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. अगदी सरळ. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी मी पोटभर जेवलो.

सकाळी फोटो तिरका दिसला.

काढून पाहिला. खिळा डावीकडे वाकलेला. अर्धं बोट.

"इथे नाही ना तसलं काही, बाबा?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही गं."

ती बाहेर यायच्या आत बदलावा म्हणून मी खिळ्यांचा डबा उघडला.

एकही सरळ नव्हता.