दोन घास खाल्लेली ओनिगिरी

“ओ हिरवा स्वेटर! हलू नका!”

निहारशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही जपानात, सवयीने मराठीतच. त्यात गोडवा नव्हता, कबूल आहे.

टोकियोजवळच्या उरायासुच्या समुद्रकाठच्या बांधावर आमच्या मराठी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. मी कंटिन्यूइटी बघते. कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, कपात चहा किती होता, सगळं वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये गफलत होत नाही. त्या सकाळी नायिका मनापासून रडली, टेक सुंदर झाला... आणि तिच्या मागे हा उभा! हातात कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेली ओनिगिरी, भाताचा तो त्रिकोणी गोळा, दोन घास खाल्लेला.

“शूटिंग चाललंय, दिसत नाही?”

“दिसलं ना. पण इथे सकाळी सातला कुणीतरी ‘अगं, सरक ना जरा’ म्हणून ओरडलं... पायच निघेना.”

आता यावर काय भांडणार? आमच्या दिग्दर्शिका अनुराधाताईंना तो टेक सोडवेना. मग ठरलं – सीन संपेपर्यंत या गृहस्थांनी रोज तिथेच, तसंच उभं राहायचं.

टोकियोला लॅबमध्ये जायच्या आधी तो यायचा. मी वही उघडायची. कॉलर आत. घड्याळ डाव्या हातात. केस मात्र मलाच विस्कटावे लागत, कारण पहिल्या दिवशी वारा होता.

“आणि दोनच घास हं.”

“जुईसान, भूक लागते हो!” जपानी रीतीने तो माझ्या नावाला ‘सान’ लावायचा.

“घरून खाऊन यायचं.”

“मग हे दोन कसे जातील?”

मी हसू दाबायची. तो ओनिगिरीचा कागद घडी करून खिशात ठेवायचा. जपानात रस्त्यावर कचऱ्याचा डबा कुठे असतो? हळूहळू माझ्या बिस्किटाचा कागदही त्याच खिशात जाऊ लागला.

“लॅबमध्ये करता काय?”

“भिंगं पुसतो.”

चेष्टाच करतोय, असं मला वाटलं.

खरं सांगते, लबाडी मी केली. दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्याची लेन्स बदलली, फ्रेममध्ये नायिकेचा चेहरा तेवढा राहिला, निहार गेला. ‘उद्यापासून येऊ नका’ एवढंच सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. त्याचे केस विस्कटल्याशिवाय माझी सकाळ सुरू होईना, त्याला मी काय करू?

पाचवा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान. शॉट संपला आणि अनुराधाताई मॉनिटरपाशी बसून ओरडल्या, “जुई, तो मुलगा कशाला उभा केलायस? फ्रेममध्ये आहेच कुठे तो!”

सगळं युनिट हसलं. माझे कान तापले. मी त्याच्यापाशी गेले, वही छातीशी धरून.

“सॉरी... चार दिवस तुम्हाला उगाच उभं केलं. मला माहीत होतं.”

“मलाही.”

“काय?”

“अहो, मी प्रकाशशास्त्रात पोस्टडॉक करतोय. भिंगं म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. तुमची लेन्स बदलली तेव्हाच कळलं, आपण फ्रेमबाहेर.”

“मग रोज का आलात?”

“तू बोलवत होतीस ना...”

हे ‘तू’ त्याने इतकं हळू उच्चारलं, की मी समुद्राकडे बघत राहिले. मग मात्र वळले. उद्याचं विमान कुणासाठी थांबणार नव्हतं.

“निहार, मला तू आवडतोस. हे फ्रेमबाहेरचं आहे, पण खरं आहे.”

तो हसला, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच त्याला उभं कसं राहावं कळेना. “जानेवारीत पुण्याला येतोय, आईबाबांकडे,” तो म्हणाला. “तिथून तुझी मुंबई काय, तीन तास. हाच स्वेटर घालू?”

“मुंबईत उकडेल. तरी घाल.”

त्याने हातातली ओनिगिरी माझ्यापुढे धरली. “आता तिसरा घास चालेल?”

विमानात मी वही उघडली आणि निहारच्या पानावर शेवटची नोंद केली : ओनिगिरी – तीन घास खाल्लेली. तिसरा मी.