तीन मिनिटांची साक्ष

"जिन्याच्या कठड्याला हात लावला तरी चालेल," लिंकन यांचं जुनं घर दाखवणारी गाइड कोरा म्हणाली. "या घरातली तेवढी एकच वस्तू."

पाहुणे वर गेले. काळ्या कोटातला एक उंच माणूस मात्र खालच्याच पायरीवर... कठडा घट्ट धरून. बाहेर स्प्रिंगफील्डवर नोव्हेंबरचं भुरभुरं बर्फ पडत होतं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"त्यांचा मुलगा इथे गेला म्हणालात. तरी लिंकन इथेच राहिले?"

"अकरा वर्षं."

"कसे?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "माहीत नाही हो," ती हळूच म्हणाली.

मग त्याने सांगितलं. नाव ऑरिन. शेतकरी. धाकटा भाऊ एमेट ऑगस्टमध्ये मक्याच्या कोठारात दाण्यांखाली गाडला जाऊन गेला. आज दीड वाजता विधानभवनात कोठारांच्या सुरक्षेच्या कायद्यावर सुनावणी होती. बोलायला तीन मिनिटं.

"मला त्याचं नावही धड घेता येत नाही."

कोराने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि त्याच्यासोबत निघाली.

"अनोळखी माणसांना रोज पोहोचवता वाटतं?"

"छे. कोटाची बटणं वरखाली लावलेल्यांनाच."

त्याने खाली पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं — आणि लगेच विझलं. तिने थांबून बटणं नीट लावली. त्याचा श्वास तिच्या केसांना लागला. तिची बोटं उगाच शेवटच्या बटणावर रेंगाळली.

सभागृहात तो उभा राहिला आणि गप्पच झाला. एक मिनिट गेलं. मागच्या रांगेत त्याला कोरा दिसली...

"माझा भाऊ एमेट. एकवीस वर्षांचा. कंबरेला दोर न बांधता आत उतरला. घाई होती. मीच पाठवला होता."

अध्यक्षांनी आभार मानले, पुढचं नाव पुकारलं. तासाभराने निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलला गेला.

बाहेर पायऱ्यांवर तो तिच्याकडे बघेना. "कळलं ना आता? जा तुम्ही."

तुमची चूक नव्हती, असं तिला म्हणता आलं असतं. ते खोटं झालं असतं.

"परत कधी येणार?"

"मार्चमध्ये. सुनावणीला."

"सुनावणीचं नाही विचारत." ती एक पायरी खाली उतरली, त्याच्यासमोर. "ऑरिन... तू कधी येणार?"

त्या 'तू'वर त्याने मान वर केली. डोळे भरून वाहत होते, ऑगस्टपासून पहिल्यांदाच.

"रविवारी?"

"ये," ती म्हणाली, आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत त्याचा हात धरून उभी राहिली.